सल्ला हवा: ऑनलाइन ऑर्डरमधली फसवणूक पकडायला नियम कसे लावायचे? (साड्यांचं दुकान, बेळगाव)

शहापूर_पेठ
नमस्कार मंडळी. शहापुरात वडिलांच्या वेळेपासून साड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांमागे वेबसाइट काढली. मागच्या महिन्यात एका रात्रीत सहा ऑर्डरी पडल्या. सहा वेगवेगळी परदेशी कार्डं, साड्या सगळ्या महागातल्या, पत्ता मात्र एकच, गोव्यातलं एक लॉज. आम्ही खूश! सकाळी सकाळीच कुरिअर केलं. पाच आठवड्यांनी चार्जबॅक, म्हणजे कार्डांच्या खऱ्या मालकांनी बँकेत तक्रार करून पैसे परत ओढले. साड्या गेल्या, पैसे गेले, वर चार्जबॅकची फी आमच्याच माथी.

मग पुतण्यानं गेटवेच्या (वेबसाइटवरचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये नियम घातले. बिलाचा आणि डिलिव्हरीचा पत्ता जुळला नाही, ऑर्डर रद्द. मोबाइल एका राज्याचा आणि आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दुसऱ्या राज्याचा, रद्द. परदेशी कार्ड, रद्द. आठवड्यात निम्म्या ऑर्डरी अडकल्या. चंदगडची आमची जुनी गिऱ्हाईक फोन करून विचारते, "माझे पैसे खोटे काय ओ?" काय सांगू तिला?

टिळकवाडी_६
दादा, बेंगळूरला एका पेमेंट कंपनीत रिस्कचंच काम करत होतो, म्हणून सांगतो. पुतण्याचे नियम पुस्तकी बरोबर आहेत, आपल्या भागाला मात्र उलटे बसतात. चंदगडच्या बाईंचा पिनकोड महाराष्ट्रातला, ४१६ चा, सिम बेळगावात घेतलेलं, साडी जाणार अनगोळच्या मावशीकडे. मोबाइल डेटाचा आयपी तर कधी बेंगळूर दाखवतो, कधी मुंबई. सीमेवर राहणारा प्रत्येक माणूस तुमच्या नियमात चोर ठरतो.

पत्त्याची अक्षरं जुळवायच्या तर भानगडीतच पडू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी बऱ्याच जणांच्या पासबुकावर अजून बेळगाव आहे आणि स्पेलिंग तर किती तऱ्हेची. जुळवायचंच तर पिनकोड जुळवा. तेही नुसते पहिले तीन आकडे: ५९०, ५९१, ४१६ आणि गोव्याचा ४०३ हा आपला एकच गाव समजायचा.

दुसरं म्हणजे एका खुणेवर ऑर्डर रद्द करू नका, गुण द्या. ओटीपी न लागलेलं परदेशी कार्ड ४०, नवं गिऱ्हाईक १०, नेहमीच्या ऑर्डरीच्या तिप्पट रक्कम २०, लॉजचा पत्ता २०, एकाच पत्त्यावर किंवा एकाच फोनवरून दिवसात तीन कार्डं ५०, पिनकोड न जुळणं फक्त ५. चाळीसच्या आत असेल तर माल सोडा, ४० ते ७० आले तर फोन करून विचारा, त्यावर गेलं तर पैसे परत करून मोकळे व्हा. आता तुमचं गोव्याचं प्रकरण मोजा, १४० च्या घरात जातं. चंदगडच्या बाई शून्यावर सुटतात.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. आधी पंधरा दिवस नियम नुसते बघायला ठेवा, काही अडवू नका. जुन्या ऑर्डरींवर चालवून कोण कोण अडकलं असतं ते वहीत लिहा, मग आकडे हलवा. आणि दिवाळीत, लग्नसराईत रकमेची मर्यादा वाढवायला विसरू नका.

काजू_खानापूर
परदेशी कार्ड बंद करू नका ओ. आमचे दिवाळीचे निम्मे डबे दुबई-मस्कतची पोरं घरी पाठवतात. कार्ड तिकडचं, डबा जांबोटीला. आम्ही गेटवेवाल्यांना सांगून परदेशी कार्डालाही ओटीपी सक्तीचा करून घेतला. इथल्या कार्डांना तो असतोच. ओटीपी लागला की "मी खरेदी केलीच नाही" ही तक्रार साधारण कार्ड देणाऱ्या बँकेच्या अंगावर जाते. "माल मिळालाच नाही" ही मात्र आपल्याच गळ्यात, म्हणून कुरिअरची पावती आणि डिलिव्हरीचा ओटीपी सांभाळून ठेवतो. थोडी गिऱ्हाइकं सुटली, पण झोप लागते.

संशय आला तर डिलिव्हरीच्या नंबरावर फोन लावायचा, "कोण पाठवायला लागलंय?" म्हणून विचारायचं. खरी आई असेल तर पोराची सगळी कुंडली सांगते.

कुंदा_आणि_करदंट
कार्डांचं ठीक आहे, पण आमच्याकडे सगळा घोळ यूपीआयचा. काउंटरवरचं पोरगं स्क्रीनशॉट बघून पाच किलो कुंदा देऊन बसलं. आता नियम एकच: बँकेच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय डबा हलायचा नाही. वेबसाइटवर पण गिऱ्हाइकाच्या ब्राउझरनं "पेमेंट झालं" म्हटलं तर विश्वास ठेवू नका, गेटवेच्या सर्व्हरकडून थेट निरोप आला पाहिजे.

आणि कुणी "चुकून जास्त आले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका" म्हणाला तर टाकू नका. ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत. चोरीचे पैसे खात्यातून फिरले की पोलीस तक्रारीनंतर आपलंच खातं गोठतं. मित्राच्या दुकानाचं महिनाभर अडकलं होतं, त्याला पगार द्यायला उसने काढावे लागले.

निपाणी_नाका
सगळं सोडा, कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा.

टिळकवाडी_६
मामा, मग घरी नसलेल्या गिऱ्हाइकांचे परत आलेले डबे मोजा. दोन्हीकडचं कुरिअर भाडं आपल्याच डोक्यावर.

शहापूर_पेठ
मंडळी, पुतण्याला बसवून कालपासून गुण मोजायला लागलोय. रद्द करायचे तिन्ही नियम काढले. लॉजच्या प्रकरणाची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर दिली, उशीर झालाच होता तरी. चंदगडच्या बाईंना साडी पाठवली, सोबत ब्लाउजपीस.

जुन्या नोंदी चाळताना एक सापडलं. त्या रात्रीच्या आदल्या दिवशी रुमालाच्या ऑर्डरीला, ४० रुपयांच्या, अकरा वेळा पेमेंट फसलं होतं. अकरा वेगळी कार्डं. ह्याचा त्याच्याशी संबंध असेल काय?

टिळकवाडी_६
असेल काय म्हणजे! बारीक रकमेवर कार्डं चालतात का ते तपासत होते. दहा मिनिटांत एकाच फोनवरून तीन पेमेंट फसली की त्या फोनला दिवसभर बंदी, हा नियम आजच घाला. ह्या एकाच नियमाला गुण मोजायचे नाहीत, थेट अडवायचं.