मदत हवी आहे: प्यादं दिलं, वजिरावजिरीही झाली, तरी पुढाकार टिकतो का? (स्मिथ-मोरा गॅम्बिट)

नमस्कार मंडळी,

इथे बुद्धिबळातले जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. माझी भाची अकरा वर्षांची आहे, ठाण्यात पाचपाखाडीला राहते. गेल्या महिन्यात नेरुळला एका शाळेच्या हॉलमध्ये जलद स्पर्धा होती, तिथे पांढऱ्या मोहऱ्यांनी तिने खालचा डाव जिंकला. समोरचा मुलगा ऐरोलीचा, तिच्याहून थोडा मोठा. डाव तेराव्या चालीला संपला, पण त्यावरून घरात जी चर्चा सुरू झाली ती अजून चालूच आहे. आधी डाव देतो. घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आणि ई४ सारखं अक्षर-अंक म्हणजे पटावरचं घर. गॅम्बिट म्हणजे पुढाकारासाठी सुरुवातीलाच प्यादं देणं.

१. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घो×सी३ घो-सी६ ५. घो-एफ३ डी६ ६. उं-सी४ घो-एफ६ ७. ई५ डी×ई५ ८. व×डी८+ घो×डी८ ९. घो-बी५ ह-बी८ १०. घो×ई५ ई६ ११. घो-सी७+ रा-ई७ १२. उं-ई३ ए६ १३. उं-सी५ मात.

तिचे सर म्हणतात, जिंकलीस ते चांगलंच, पण बाराव्या चालीला त्या मुलाचं लक्ष चुकलं म्हणून जिंकलीस. वजीर पटावरून गेलेले आणि आपलं एक प्यादं कमी, असा डाव एखाद्या मुरलेल्या खेळाडूने शांतपणे खेचून नेला असता. गॅम्बिट सोड, सिसिलियनविरुद्ध (म्हणजे ई४ ला काळ्याने सी५ उत्तर दिलं तर) नीट पाया असलेलं काहीतरी शीक. सर मनापासून शिकवतात आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य असतं, म्हणूनच मी अडलोय. कारण हा डाव मी पटावर मांडून पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला त्यात नुसतं नशीब दिसत नाही.

सातव्या चालीचं आधी सांगतो. ई५ ही चाल तिला पाठ होती. घोड्याने ते प्यादं घेतलं तर ८. घो×ई५ डी×ई५ ९. उं×एफ७+ आणि राजाने उंट घेतला की डी८ चा वजीर जातो. त्या मुलाला हे माहीत असावं, त्याने प्याद्याने मारलं. इथे काही चाली पांढरा दोन प्याद्यांनी मागे आहे. दहाव्या चालीला एक परत मिळतं. म्हणजे शेवटी हिशेब पाच प्याद्यांना सहा.

आता बाराव्या चालीनंतरचा पट मांडून बघा. काळ्याचा सी८ चा उंट, एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती तिन्ही जागचे हललेले नाहीत. अकराव्या चालीच्या शहाला राजाला ई७ हे एकच घर होतं. तिथे तो फास्ट लोकलच्या दारात उभा राहिलेल्या माणसासारखा उभा आहे, त्याच्यामागून एफ८ चा उंट बाहेर पडूच शकत नाही. आणि शेवटची मात बघा. ई८ वर सी७ च्या घोड्याचा मारा, डी७ वर ई५ च्या घोड्याचा, डी६ वर उंटाचा. उरलेल्या पाचही घरांत काळ्याचेच मोहरे आणि प्यादी. पांढऱ्याचे दोन्ही हत्ती अजून कोपऱ्यात आहेत, सी४ च्या उंटाला तर हातही लावावा लागला नाही. तीन हलके मोहरे (दोन घोडे, एक उंट) मिळून पटाच्या मध्यावर मात करतात, तीही वजीर नसताना! त्या मुलाने ए६ का खेळलं तेही समजतं. ई३ च्या उंटाचा ए७ वरचा मारा त्याला दिसला, त्याच उंटाचं सी५ हे घर दिसलं नाही. एका चालीत दोन धमक्या होत्या, आणि माझ्या मते पुढाकार म्हणतात तो हाच.

सरांपुढे मी १९९५ चा रिगामधला कास्पारोव-आनंद डाव काढला. कास्पारोवने इव्हान्स गॅम्बिटमध्ये चौथ्या चालीला प्यादं दिलं, आनंदचा राजा कॅसलिंगविना (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित न करता) एफ७ वर अडकला आणि पंचविसाव्या चालीनंतर आनंदने डाव सोडला. सर म्हणाले, त्यात शेवटपर्यंत वजीर होते, इथे कुठे आहेत? मुद्दा बिनतोड आहे. म्हणून तो दाखला बाजूला ठेवतो आणि खरा प्रश्न विचारतो.

काळ्याने बाराव्या चालीला ए६ च्या ऐवजी बी६ खेळलं असतं तर? एका प्याद्याने सी५ चं घरही बंद होतं आणि ए७ वरचा माराही. मला सुचतं ते १३ व्या चालीला लांबचं कॅसलिंग, म्हणजे हत्ती एकदम डी पट्टीवर. त्यावर काळा उं-बी७ खेळून जी२ वर नेम धरतो आणि पुढे ह-सी८ खेळून सी७ च्या घोड्यावर मारा करायच्या तयारीत. घोडा बी५ वर परतला की ए७ पुन्हा धोक्यात. ए६ खेळून त्याला हुसकावलं तर तो हत्तीच्या आधाराने डी६ वर बसतो, तिथून बी७ चा उंट आणि एफ७ दोन्हीवर मारा. इथवर पोचतो आणि पुढे अडतो. काळ्याकडे यात आधीच काही चांगलं उत्तर आहे का? की तेराव्या चालीला उं-जी५ खेळून एफ६ चा घोडा पिन करणं (मागे राजा असल्याने हलता येणार नाही असा जखडणं) जास्त बरं?

दुसरी शंका १२... रा-डी६ ची, म्हणजे काळ्याने बाराव्या चालीला राजाच पुढे आणला तर. राजा एकदम दोन्ही घोड्यांवर चालून येतो. मला १३. उं-एफ४ सापडलं. ई५ च्या घोड्याला आधार मिळतो, आणि राजाने सी७ चा घोडा घेतला तर ई५ चा घोडा बाजूला होताच उंटाचा शह बसतो, शिवाय राजाच्या मागे त्याच रेषेत बी८ चा हत्ती. राजाने सी७ न घेता दुसरं काही केलं तर मात्र मला नीट दिसत नाही.

संगणकाचं बुद्धिबळ इंजिन लावून बघा असं बरेच जण सांगतील. लावलं होतं. पण मूल्यमापनाचा आकडा दाखवून अकरा वर्षांच्या मुलीला काय समजावणार? सरांचं म्हणणं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, त्याचं एक प्यादं जास्त होतं, पण त्याचे मोहरे घरातच होते ना?" माझ्या मते हे तिला मनापासून कळलेलं आहे आणि ते मोडू नये. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बटुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून ही रोज संध्याकाळी पट मांडून बसते. सुरुवात बदलायची तर बदलू, पण ‘प्यादं कधीच देऊ नये’ असं तिच्या मनात बसायला नको.

तेव्हा ज्यांनी हा गॅम्बिट कोणत्याही बाजूने खेळलाय त्यांनी बी६ नंतरची योजना शब्दांत सांगावी, चाली थोड्या असल्या तरी चालेल. या वयात गॅम्बिट चालू ठेवावा की दोन वर्षं बाजूला ठेवावा, यावर मुलांना शिकवणाऱ्यांचं मत हवंय. आणि ठाणे पश्चिमेला कुणी राहत असेल आणि रविवारी सकाळी तासभर तिच्यासोबत हा पट मांडून बसू शकत असेल, तर मला व्यक्तिगत निरोप करा. पट आणि घड्याळ आमच्याकडे आहे, तुम्ही म्हणाल तिथे आम्ही येऊ.