मदत हवी आहे: मेटालिकाच्या अल्बमांची ध्वनिगुणवत्ता आणि शैली यांची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे अल्बम मी सध्या क्रमाने ऐकत आहे. संगीताची शैली आणि ध्वनिमुद्रणाचा दर्जा या दोन गोष्टी वेगवेगळ्या कशा तोलाव्यात, यासाठी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मला सर्वांत जास्त अडचण येते ती १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’बाबत. त्यातील रचना दीर्घ, गुंतागुंतीच्या आणि माझ्या मते बँडच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी आहेत. परंतु आधीचा बासवादक क्लिफ बर्टनच्या मृत्यूनंतर आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास गिटार मिश्रणात (सर्व वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना) जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे एकूण ध्वनी कोरडा आणि पोकळ वाटतो. याउलट बॉब रॉक यांच्या निर्मितीतील १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम ऐकताना बास आणि ड्रम्स भरदार लागतात, मात्र गाणी आटोपशीर आणि संथ झालेली आहेत. मग मला आवडते ती रचना की केवळ तिचा भरीव ध्वनी, हे ठरवता येत नाही.

२००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये आवाजाची पातळी इतकी चढवलेली आहे की ध्वनी फाटतो, तर ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याची आवृत्ती तुलनेने मोकळी आहे.

‘जस्टिस’ची जुनी सीडी, व्हिनाइल आणि २०१८ ची रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने प्रक्रिया केलेली) आवृत्ती यांपैकी कोणती घ्यावी? तसेच आवाजाची पातळी समान करून दोन आवृत्त्या ताडून पाहण्याची घरगुती पद्धत कोणी सविस्तर सांगू शकेल का?