ट्रकवरून सिटी बसवर: नेमकं काय बदलतं?

नवा_गडी: मालट्रक बरीच वर्षं चालवला. आता सिटी बसवर निवड झालीय, लवकरच ट्रेनिंग. लांब गाडीची भीती नाही. पण जुनी माणसं म्हणतात, माल नेणं वेगळं न् माणसं नेणं वेगळं. म्हणजे काय वेगळं?

दुसरी_पाळी: भावा, ब्रेकच्या टाकीत हवा भरून बझर बंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही वगैरे तुला ठाऊकच आहे. बसमध्ये फक्त तू पुढच्या चाकांच्याही पुढे बसतोस. कोपरा ओलांडल्यावर स्टिअरिंग फिरवायचं, पहिल्यांदा पोटात गोळा येतो. स्टॉपवरून बाहेर काढताना मागची बॉडी उलट, फुटपाथकडे जाते. त्या बाजूच्या आरशावरून नजर काढू नकोस.

खरी गोम ब्रेकमध्ये आहे. माल दोरीने बांधलेला असतो. माणूस एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत असतो. गाडी थांबता थांबता शेवटच्या हातभर अंतरात पाय किंचित सैल सोडायचा, म्हणजे तो शेवटचा हिसका बसत नाही. काठी घेतलेली आजी चढली की ती टेकेपर्यंत जागचं हलायचं नाही, मागचे वाजवेनात का हॉर्न. इलेक्ट्रिक गाडी मिळाली तर आणखी जपून. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की उसळते, उचलला की आपोआप वेग कमी करते.

पण नवा माणूस दमतो तो वेळापत्रकाने. समज, दर 10 मिनिटांनी गाडी आहे. सिग्नलला तुझी 2 मिनिटं गेली. तेवढ्यात पुढच्या स्टॉपवर चार माणसं जास्त जमली, ती चढेपर्यंत आणखी उशीर, त्याच्या पुढच्या स्टॉपवर त्याहून गर्दी. तुझ्या मागच्याला सगळे स्टॉप मोकळे, तो सुसाट येतो. शेवटी दोन गाड्या एकामागे एक, तुझी खचाखच आणि त्याची रिकामी. लोक म्हणणार, हे दोघं गप्पा छाटत बसले होते! गाडी दामटून हे सुटत नाही. कंट्रोलवाल्याने मागच्याला थोडं रोखलं किंवा पुढे काढलं तरच सुटतं.

आणि वेळेआधी स्टॉप सोडू नकोस. उशीर झाला तर लोक शिव्या घालतात पण चढतात. आधी निघालास तर वेळेवर आलेल्याचीच बस चुकते.

नवा_गडी: दादा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी, लघवी यांचं कसं जमवता?

दुसरी_पाळी: टर्मिनसवरची विश्रांती कागदावर असते, उशीर तिथूनच कापला जातो. म्हणून कित्येक जण पाणीच तोडतात. तसलं करू नकोस, मुतखड्याला आमंत्रण आहे. घोट घोट पी आणि पोहोचलास की आधी जाऊन ये, लॉगशीट नंतर भर. हो, गाडी ताब्यात घेतलीस की पहिल्यांदा सीट लाव, आरसे मग. उलटं केलंस तर सीट सरकवल्यावर आरसे पुन्हा लावावे लागतात.

घंटीवाला: मी कंडक्टर. ड्रायव्हरमंडळी, बसून बसून हृदयाचं वाटोळं करताय. 1953 साली जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या डबलडेकरवाल्यांचा अभ्यास छापला होता. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. व्यायामावरच्या संशोधनात आजही त्याचा दाखला देतात.

तिरकस: अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मॉरिसने 1956 मध्ये गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी नोकरीला लागतानाच कंबरेत मोठ्या होत्या! म्हणजे सगळा दोष सीटवर ढकलता येत नाही.

घंटीवाला: मान्य. तरी टर्मिनसला गाडीभोवती दोन चकरा मारायला काय जातं?

दुसरी_पाळी: मारतो ना, टायर बघायच्या निमित्ताने. नव्या गड्या, गणवेश शिवायला टाकशील तेव्हा कंबरेत कापड राखून ठेवायला सांग.