आधी गरिबी, मग बाळ

विशीच्या आत आई झालेल्या मुलींबद्दल 'कमी वयात मूल झालं म्हणून त्या गरीब राहतात' असं म्हटलं जातं, पण बऱ्याचदा क्रम उलटा असतो हो. १९९२ मध्ये अमेरिकेत जेरोनिमस आणि कोरेनमन या संशोधकांनी सख्ख्या बहिणींचीच तुलना केली, एक विशीच्या आत आई झालेली, दुसरी नंतर, तर पुढच्या आर्थिक स्थितीतला फरक एरवी दिसतो त्यापेक्षा बराच कमी निघाला, म्हणजे मोठा वाटा मुळात घरच्या परिस्थितीचाच. जिची शाळा आधीच सुटलीय, पुढे धड नोकरीची आशा नाही, तिला थांबून मिळणार तरी काय? आणि बाळाचा बाप असलेला मुलगा कुठेय या सगळ्यात? तो दुसऱ्या दिवशी वर्गात बसतो, तिचं मात्र नाव पटावरून जातं. याचा मला फार राग येतो.