अनुभव धागा : घरच्या शेडमधला न हलणारा वर्कबेंच

नमस्कार मंडळी. घराशेजारी गाडी लावायला पत्र्याचं शेड आहे. त्याच्या मागच्या भिंतीला लागून ६ बाय २ फुटांचा वर्कबेंच करायचा आहे. सुतारकाम आणि किरकोळ लोखंडी काम, दोन्ही त्यावर व्हायला हवं. घडीची तयार टेबलं रंधा मारताना मागे सरकतात, कारण त्यांचे पाय वरचं वजन पेलायला केलेले असतात आणि रंध्याचा जोर आडवा असतो. आपल्याकडचं ऊन, आपली जमीन आणि इथे मिळणारा माल धरून ज्यांनी स्वतः बेंच केलाय, त्यांनी लिहा. मापं जरूर द्या.
– जळगाव

फिटर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे व्हाइसपासून, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंजापासून, सुरुवात करतो. ताठ उभं राहून मूठ हनुवटीखाली धरली की कोपर व्हाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. तेवढ्या उंचीला कानस चालवताना हात जमिनीला समांतर राहतो, खांदे भरून येत नाहीत. व्हाइस बेंचच्या मधोमध नको, पायाच्या बरोबर वर घ्या आणि आरपार बोल्टनं आवळा. स्क्रूवर विसंबू नका.

चौकटीला ५० बाय ५० बाय ६ मिमीचा अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) भरपूर झाला. चारही कोपरे आधी नुसते टाके मारून जोडा आणि दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून. एकाच बाजूनं वेल्डिंग ओढत नेलं तर चौकट तापून पिळते आणि एक पाय कायमचा अधांतरी राहतो. मागच्या बाजूला तिरकी पट्टी हवीच हवी. ती नसेल तर वर कितीही जाड फळा टाका, बेंच डुलणार.
– भुसावळ

काकांचं तिरक्या पट्टीचं शंभर टक्के खरं. पण भो, मी लाकडाचा माणूस. आमच्याकडे धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकणं जोरात चालू आहे आणि त्यातलं सागवान मिळेल त्या भावात जातं, हे बघवत नाही. आमच्या जुन्या घराची एक तुळई मी ठेवून घेतली. भिंतीत गाडलेलं टोक वाळवीनं पोखरलं होतं, तेवढं कापून टाकलं. मग चुंबक फिरवून खिळे शोधले, कारण एक खिळा राहिला तरी आरा मशीनचं पातं जातं. वरची काळी धुरकट पुटं निघून रंधा आत लागला तसा सागाचा तो तेलकट, कातड्यासारखा वास आला आणि खालून सोनेरी रेषा वर आल्या. इतक्या वर्षांत मुरलेलं लाकूड आज वखारीत कुठे मिळणार?

फळा दोन इंच जाडीचा केला. लाकूड रुंदीत फुगतं आणि आटतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जुलैत हवा सर्द होते. म्हणून चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा आणि खाली मोठं वायसर घाला. घट्ट जखडलेला फळा तडकतो. पायांना बाभूळ घेतली. बैलगाडीला चालते ती बेंचला का नाही चालणार? फक्त नीट वाळलेली बघा, ओली बाभूळ पिळते आणि तिला भुंगा लागतो.
– चोपडा तालुका

चोपड्याच्या भाऊंना एक विचारतो, सागाच्या फळ्यावर घणाचं काम झेपेल का?
– जळगाव

भाऊंच्या आधी मीच सांगतो. झेपेल, पण खड्डे पडतील आणि असा साग खराब झाला तर जीव हळहळेल. आमची केळीची बाग आहे. मोटारीचं बेअरिंग काढ, अवजाराचा वाकलेला दांडा सरळ कर, हे चालूच असतं. मी अर्धा बेंच लाकडाचा आणि अर्धा ८ मिमीच्या लोखंडी प्लेटचा केला. प्लेटखाली १९ मिमीचं प्लाय घातलं की ठोकण्याचा आवाज बराच दबतो. प्लेटवर दुपारचं ऊन येणार नाही असं बघा, हात ठेववत नाही.
– रावेर

खालच्या जमिनीचं कुणी काढलं नाही. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. आज चारही पाय टेकलेला बेंच दिवाळीला टेकलेला असेलच असं नाही. प्रत्येक पायाच्या तळाला नट वेल्ड करून त्यात १६ मिमीचा बोल्ट, डोकं खाली. मोसम पालटला की लेव्हल ठेवून पान्यानं फिरवायचं. आणि खालच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या टाका, वजनाला तोड नाही.
– शहादा

जागा कमी असणाऱ्यांसाठी. स्कूटी बाहेर काढली की माझा बेंच भिंतीवरून बिजागरीवर खाली येतो, पुढचे दोन पाय उघडतात. भिंतीपासून पुढे २० इंच. मी जुन्या खुर्च्या दुरुस्त करते, तेवढ्याला पुरतो. आमची भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची आहे, त्यात प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत. बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावून घेतली, तेव्हापासून रंधा मारला तरी जागचा हलत नाही.
– धुळे

ताई, छान जमवलंय. लाकडी फळ्याला पॉलिश नको, घसरडा होतो. उकळलेलं जवसाचं तेल चिंधीनं चोळा, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी. त्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना स्वतः गरम होतं आणि ढिगाऱ्यातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, त्यात आपल्याकडची पत्र्याची शेडं आधीच तापलेली. अंगणात एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.
– अमळनेर