वंशावळ: लग्नानंतर बदललेलं नाव कुठल्या रकान्यात?

मंडळी,
आलेले तक्ते ग्रॅम्प्समध्ये (वंशावळीचं सॉफ्टवेअर) चढवताना अडकलोय. 'नाव' रकान्यात कोणी माहेरचं लिहिलंय, कोणी सासरचं. माहेरची कुसुम आणि सासरची लक्ष्मी अशी एकाच बाईची दोन माणसं झालीत, आणि माहेरच्या घरात ती बिनलग्नाची दिसते. रविवारच्या आत नियम ठरवू या. माझं मत, सुना सासरच्या नावाने घालाव्यात; नातवंडं तेच नाव ओळखतात.
— कार्यवाह

सासरचं नको हो. मुख्य नाव जन्माचंच ठेवा आणि सासरचं 'पर्यायी नाव' म्हणून जोडा, प्रकार 'मॅरीड नेम'. गेडकॉम फाइल (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची) काढली की दोन्ही नावं जातात, पण त्यातली पहिली 'नेम' ओळ मुख्य धरतात, म्हणून क्रम महत्त्वाचा.
माहेरचं आडनाव सापडत नसेल तर जागा रिकामी सोडा. तिथे नवऱ्याचं आडनाव घातलं की ती त्याच घराण्यात जन्मली असा अर्थ होतो, आणि पुढे कोणीतरी तिला नवऱ्याच्या चुलत बहिणीत विलीन करून टाकतं. हे सोडवायला फार त्रास पडतो. मधलं नावही नको. वडील जोडले की ते कळतंच.
— वाचनालय

ताई, नियम पटला, पण तक्ता स्मरणिका समितीचा आहे. रकाने परस्पर हलवू नका, शेवटी 'जन्मनाव' हा एकच वाढवा. दत्तकालाही हेच लागू: जन्मदाते आणि दत्तक घेणारे, दोन्ही कुटुंबं जोडा, दुसऱ्या नात्याचा प्रकार 'अ‍ॅडॉप्टेड'. आणि कृपा करून एक्सेलमधून तक्ता 'सीएसव्ही यूटीएफ-8' या फाइल-प्रकारातच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, ती परत अक्षरं होत नाहीत.
— स्मरणिका

सेव्ह करण्यावरून आठवलं, 1900 च्या आधीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही, नुसता मजकूर धरतं. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा. इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, पौष ते फाल्गुन 79.
— खजिनदार

काका, पौषापासून सरसकट 79 चालणार नाही. शके 1945 ची मार्गशीर्ष वद्य एकादशी 7 जानेवारी 2024 ला होती, म्हणजे तिथे मार्गशीर्षातच 79. उलट पौष लवकर लागला तर त्याचे सुरुवातीचे दिवस डिसेंबरात पडतात. कार्तिकापर्यंत 78, माघ-फाल्गुन 79, मधले दोन महिने त्या वर्षाचं पंचांग बघूनच. मूळ तिथी मात्र टिपणात जशीच्या तशी राहू द्या, म्हणजे चूक पुन्हा तपासता येते.
— वाचनालय

मान्य. जन्मनाव मुख्य. ज्यांनी सासरचं लिहिलंय त्यांनी फक्त त्या ओळी पाठवा, अख्खा तक्ता नको. व्यक्ती क्रमांक बदलू नका, जुळवणी त्यावरच आहे.
— कार्यवाह