एलिव्हेटरचं डिझाइन नियमानं आपोआप काढायचं आहे, सॉफ्टवेअर सुचवा

दर्यापूर_फॅब्रिकेशन:
नमस्कार मंडळी, आमचं छोटं वर्कशॉप आहे, दाल मिलले लागणारे बकेट एलिव्हेटर, म्हणजे पट्ट्यावरच्या बकेटांनी धान्य वर नेणारं मशीन, बनवतो. हरेक मिलवाल्याची उंची वेगळी, ताशी टन वेगळे, कोणाची तूर कोणाचा चना, मंग दरवेळी ड्रॉइंग अन् कटिंग लिस्ट नव्यानं करा, सीझनमध्ये लय वेळ जाते त्यात. पुली केवढी, मोटार किती एचपीची, पत्रा किती गेज हे सगळं आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात, अन् ते आता थकले. माप भरलं की ड्रॉइंग निघालं असं होते का? बजेट कमी आहे.

कॅडवाला_अकोला:
होते ना भाऊ, नॉलेज बेस्ड इंजिनिअरिंग म्हणतात याले. 1980च्या दशकातच आयकॅड नावाचं सॉफ्टवेअर निघालं होतं, विमानवाले वापरत. आता इन्व्हेंटर हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात नियम लिहाची सोय आहे, आयलॉजिक नावाची, पण तुमच्यासाठी मी फ्रीकॅडच म्हणीन, तेही ड्रॉइंगचंच, पण फुकट आहे. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये उंची टाकायची, मॉडेलची मापं त्या सेलले जोडायची, पट्ट्याची लांबी आपोआप बदलते. केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या खोक्याच्या, तुकड्यांची संख्या बदलायची तर थोडं पायथॉन लागते.

यंत्रवाले_सर:
सॉफ्टवेअर मागून पाहा जी, आधी वही घेऊन मिस्त्रींजवळ बसा. पुस्तकातला हिशोब सोपा आहे, ताशी टन गुणिले मीटरमधली उंची भागिले 367 म्हणजे माल उचलायचे किलोवॅट. 6 टन, 9 मीटर असले तर 0.15 सुद्धा होत नाही. मंग मिस्त्री त्याच्या कितीतरी पट मोठी मोटार काहून लावतात? कारण बकेट खाली मालात खुपसून भरते, घर्षण आहे, लाइट जाऊन आली की बूटमध्ये, म्हणजे खालच्या पेटीत, तुंबलेल्या मालासगट सुरू करा लागते. खरं ज्ञान या फरकातच आहे. पुलीचंही तसंच, बकेटमधला माल मध्यापासून 0.15 मीटरवर फिरत असेल तर 30 भागिले त्याचं वर्गमूळ, म्हणजे मिनिटाले 77 फेऱ्यांच्या आसपास वजन अन् बाहेर फेकणारा जोर बरोबरीत येतात. तुरीले त्या फेऱ्या कमी ठेवतात का, अन् काहून, हे विचाराच. नियमासंगं कारण लिहिलं नाही तर पुढं तो बदलाची कोणाची हिंमत होत नाही. डीईसी या कॉम्प्युटर कंपनीनं 1980 पासून ऑर्डरी जुळवाले एक्सकॉन नावाचं नियमांवर चालणारं सॉफ्टवेअर वापरलं, चाललंही चांगलं, पण नियम हजारोंनी वाढले अन् ते सांभाळणंच मोठं काम झालं.

दर्यापूर_फॅब्रिकेशन:
सर, मिस्त्री तर म्हणतात अंदाजानं लावतो, कारण विचारलं की गप्प बसतात.

यंत्रवाले_सर:
असं सरळ विचारून कोणालेच सांगता येत नाही जी. दोन जुन्या ऑर्डरी समोर ठेवा, उंची सारखी पण मोटार वेगळी अशा, अन् इथं मोठी काहून लावली तेवढंच विचारा, ते बोलतीन. सुरुवातीले फक्त वरचं हेड घ्या, पुली, शाफ्ट, बेअरिंग, मोटार. नियम टाकून झाले की जुन्या ऑर्डरी त्यातून काढून पाहा, जिथं मिस्त्रींचं अन् कॉम्प्युटरचं जुळलं नाही तिथं एखादा नियम लिहाचा राहिला असं समजा, अन् पुन्हा त्यांच्याजवळ जा. त्यांचे हात चालतात तोवर हे करून घ्या, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही भेटते.